हुकमाच्या हद्दीचा धोंडा

राजाचा कागद गावात आला की माणसं पायताण काढून उभी राहत, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट.

डोंगराळ मुलखात एक राजा राज्य करत होता. त्याचा हुकूम निघे तेव्हा कागदाच्या माथ्यावर मोठा शिक्का उठे. शिक्क्याखाली जे लिहिलं ते राजाचं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. कारकुनांची लिहिण्याची रीत अशी, की लेखणी म्हणून उचलायची नाही. शब्दाला शब्द चिकटलेला, ओळीला ओळ. त्यातून सगळे एकाच पंतोजींच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे अक्षरही एकसारखं.

एकदा गडाच्या दरवाजाला थोराड लाकूड हवं झालं. दूरच्या एका गावात देवाची जुनी राई होती. त्या गावाकडून एक झाड, त्यांची मर्जी असेल तर, मागून घ्यावं, असं राजाने फर्मावलं.

कागद निघाला. वाटेत चार ठाणी होती, आणि चारही ठाण्यांवरच्या अंमलदारांना राजसेवेची भारी हौस. पहिल्याने खाली लिहिलं, झाड वाकडं निघाल्यास दुसरं घ्यावं. दुसऱ्याने लिहिलं, वाटेत आडवी येणारी झाडं काढावीत. तिसऱ्याने भर घातली, की ओंडका सरकवायला लागतील ते वासे राईतूनच तोडावेत. चौथा घाईचा माणूस. त्याने लिहिलं, उशीर नको, अवघी राई मोकळी करावी. यांतल्या कोणाच्याच मनात पाप नव्हतं. मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.

कागद गावात पोचला. राईच्या पोटातून एक झरा निघे, आणि गावाला पाणी तेवढंच. राई गेली की झरा जाणार, झरा गेला की गाव उठणार, हे लहानथोर सगळ्यांना कळत होतं. तरी शिक्का दिसताच गावकऱ्यांनी कागद कपाळाला लावला आणि रडत रडत कुऱ्हाडींना धार लावायला घेतली.

राई राखणारी हौसाआजी तेवढी उठली. तिने पाटलाकडून दहा दिवसांची मुदत मागून घेतली, कागद पदराला बांधला आणि चार दिवस चालून गड गाठला. दरबारात तिने तो कागद राजापुढे ठेवला.

"म्हाराज, एवढं समदं तुमीच बोलला का?" तिने विचारलं.

राजाने वाचलं. वरच्या दोन ओळी त्याच्या होत्या. पुढच्या कोणाच्या, ते त्यालाही सांगता येईना. एका झाडाच्या मागणीची अख्खी राई झाली होती आणि वर त्याचाच शिक्का झळकत होता. रणात कधी न डगमगलेल्या त्या माणसाला आपल्या शिक्क्याचं पहिल्यांदाच भय वाटलं.

हे आपण बोललो नाही, असं त्याने कबूल केलं. पण गाव उठेल हे दिसत असताना तुम्ही कुऱ्हाडी उचलल्याच कशा, असंही विचारलं.

"शिक्का तुमचा व्हता म्हाराज, त्याच्याखाली आमी काय बी मानतो," आजी म्हणाली. "आमच्या राईला हद्दीचा धोंडा हाय. राईतला देवबी त्या धोंड्याभाईर काय मागत न्हाई. तुमच्या बोलन्याला असा धोंडा का न्हाई?"

राजाने उठून आजीला हात जोडले. त्याच दिवशी त्याने एक लहानसा ठसा कोरून घेतला, आपल्या त्याच दोन ओळींचा नवा कागद लिहवून घेतला आणि शेवटचा शब्द संपला तिथे तो ठसा स्वतःच्या हाताने उमटवला. त्याच्याखाली कोणी टिंबही दिलं तरी ते राजाचं नव्हे, असं त्याने चारही ठाण्यांना कळवलं.

मग तो स्वतः आजीबरोबर गावी गेला. धोंड्यापाशी त्याने जोडे काढले आणि राईत शिरला. भरदुपारी आत सांजावल्यासारखं होतं. दहा माणसांच्या कवेत न मावणारे बुंधे, आणि झऱ्याचा तेवढा आवाज. राजा बराच वेळ मान वर करून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. झाड न निवडताच तो बाहेर आला.

पुढल्या वर्षी राईतलं एक जुनं झाड वादळात आपसूक पडलं. कोणी मागितलं नव्हतं, तरी गावाने त्याच्या फळ्या पाडून त्या खांद्यावर वाहून गडावर नेल्या. त्याचाच दरवाजा झाला.

माथ्यावरचा तो शिक्का, आणि शेवटच्या त्या लहान ठशाला नाव पडलं मोर्तब. दोन्ही उमटले की हुकूम पुरा. एखादी गोष्ट पक्की झाली की आपण शिक्कामोर्तब झालं म्हणतो ना, त्यातलं हे मोर्तब. शब्द कुठून आला ते पंडितांना विचारा. माझ्याकडे आहे ती एवढी गोष्ट.

तात्पर्य : ज्याला आपला शब्द कुठे थांबवायचा हे कळतं, त्याच्याच शब्दाला खरा मान मिळतो.