काचेच्या केबिनमधली शिवी

इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखान्यात चाकणे नावाचे मॅनेजर होते. त्यांना तुटलेला धागा जोडता येत नव्हता, पण ओरडता फार छान यायचं. एकदा कापडात डाग निघाला म्हणून त्यांनी शिवाप्पा विणकराला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि दोघांची कडाक्याची जुंपली. संध्याकाळी मालकांसमोर चौकशी बसली.

"हा मला उलटून बोलला. आजच कामावरून काढा याला," चाकणे म्हणाले.

"मालक, साहेबांनी आधी आईवरून शिवी दिली," शिवाप्पा म्हणाला.

चाकणे हसले. "दार बंद होतं, बाहेर शंभर मागांचा खडखडाट. कोणी ऐकलं, सांग बघू!"

"कोणीच नाही, साहेब. त्या खडखडाटात आम्हाला काही ऐकू येत नाही. आम्ही एकमेकांचे ओठ बघूनच बोलणं ओळखतो. आणि आमच्यावर नजर ठेवायला केबिन तुम्हीच काचेची करून घेतलीत."

मालकांनी चार विणकरांना वेगवेगळं बोलावून विचारलं. चौघांनीही तीच शिवी सांगितली.

शिवाप्पाची नोकरी राहिली. चाकणेंना भर कारखान्यात माफी मागावी लागली. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून ते नुसतेच पुटपुटले. शेवटच्या मागावरच्या माणसालाही शब्द न् शब्द कळला.