पाटलाला वाकवणारी दोण

ही दगडी दोण एवढी खाली का, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. हात धुवायला पार वाकावं लागतं, गुडघे कुरकुरतात. कुरकुरू देत. ती मुद्दामच तशी बसवली आहे.

असं सांगतात, हुंबरवाडीच्या हिरोजी पाटलाला नवसाने मुलगा झाला, येसू. नवस फेडायला पाटलाने डोंगराईच्या नावाने एक कोंबडा सोडला. सोडलेला कोंबडा कापायचा नाही, डालीखाली कोंडायचा नाही. देवीचं मागणं एवढंच. पण पाटलाची अक्कल पुढे धावली. कोंबडा हा येसूचा थोरला भाऊ, असं त्याने ठरवलं आणि दोघांना एका ताटात जेवू घालू लागला. दिवसभर उकिरडा उपसलेल्या पायांनी कोंबडा भातात उभा राहायचा आणि रांगतं पोर तोच भात तोंडात घालायचं. गाव हात जोडून बघायचं. असल्या भक्तीला डोकं वापरावं लागत नाही.

येसूला जुलाब लागले. अंग तापलं, डोळे खोल गेले. पाटील म्हणाला, दृष्ट लागली. आणि शहाण्याने तो कोंबडा पोराच्या अंथरुणावरच आणून बसवला!

येसूची आई सगुणा उठली, पोर उचललं आणि गावकुसाजवळ भावाच्या घरी आली. राखेने हात घासून ती पोराला उकळलेलं पाणी आणि मिठाची पेज थोडी थोडी पाजत राहिली. पोर वाचलं. देवीनेच तिला बुद्धी दिली म्हणे. पाटलाला का दिली नाही, ते देवी जाणे.

येसू उठून बसू लागल्यावर पाटील त्याला न्यायला आला, काखेत कोंबडा घेऊन. तोवर सगुणेने भावाकडून दारासमोर ही दोण बसवून घेतली होती. तिने नवऱ्याला तिथेच अडवलं.

"कोंबडा खाली ठिवा, हात धुवा, मगच लेकराला शिवा."

"देवीचा कोंबडा हाय त्यो. त्याचा कसला ईटाळ?"

"देवीचा असंल, पर उकिरड्यातनं आलाय. वाका."

देवळातही ताठ उभा राहणारा पाटील अख्ख्या गावासमोर वाकला. पोर हवं होतं ना.

आजही इथे रांगत्या पोराला खुराड्याकडे सोडत नाहीत आणि कोंबडीला हात लावलेला माणूस या दोणीशी वाकल्याशिवाय पोर उचलत नाही. पाटलाचे वंशज मात्र सांगत फिरतात, दोण पूर्वी कमरेइतकी उंच होती, पुढे जमिनीत खचली. खचली म्हणे! खाली कातळ आहे.