उबेचं अक्षर

फार पूर्वी भिवराबाई नावाची कारागीर लहान खड्यांवर जादूची अक्षरं कोरायची. त्यातलं एक अक्षर ऊब द्यायचं. योद्धे त्याचा खडा कधी ढालीत बसवत, कधी तलवारीत, आणि काम सरलं की उपटून काढत. जादूची अंगठी मात्र जन्मभर एकाच बोटात राही. अक्षराला तिचा हेवा वाटे.

एकदा ते म्हणालं, "बाई, मला कशात तरी कायमचं घाला."

"मडक्याच्या ओल्या मातीत बसवून भाजीन. पण मग निघता यायचं नाही, बाळा. मडकं फुटलं की तूही संपशील."

"चालेल."

ते मडकं डोंगरातल्या एका म्हातारीनं नेलं. तिची पेज त्यात गरम राहायची. मडकं चार हिवाळे टिकलं. तेवढ्या दिवसांत 'आता पुढं कुठं?' असं अक्षराच्या मनात एकदाही आलं नाही.