माहुताचा अंकुश

राजे हत्तीवरून फिरत आणि बातम्या पायी चालत येत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात राजाचा माहूत राहत होता. राजाची लाडकी हत्तीण त्याच्याकडे होती आणि तिच्यावर त्याचा भारी जीव.

एका वर्षी काय झालं, माहुताच्या मनानेच अंथरूण धरलं. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. तरी पहाटे उगाच जाग येई, भाकरी मातीसारखी लागे आणि हत्तिणीला नदीवर न्यायचं म्हटलं की पाय उचलत नसे.

गावाकडे सल्ल्यांना काय तोटा! कुणी म्हणालं, "याला सुख दुखतंय." कुणी म्हणालं, "कामाला लाग, आपोआप जाईल." वाईट हे, की माहुतालाही ते पटलं. 'आळशी आहेस तू,' असं तो स्वतःला दिवसभर ऐकवत राही.

एके सकाळी तो बायकोला म्हणाला, "मी नसलो तरी कुणाचं काय अडणार आहे?"

शेजारणीला त्याच्याजवळ बसवून बायको तडक म्हाताऱ्या वैद्यीणबाईंकडे गेली. स्वतःसाठी वैद्य आणलेला नवऱ्याला चालणार नाही, हे ती जाणून होती. म्हणून त्यांना घेऊन घरी आल्यावर म्हणाली, "हत्तिणीला बघायला आल्यात."

हत्तीण मजेत ऊस खात होती. वैद्यीणबाई माहुताला म्हणाल्या, "समज, उद्या हिने चारा सोडला. तू हिला आळशी म्हणशील?"

"छे हो! तिला बरं नसेल."

"अंकुश टोचशील?"

"आजारी जिवाला? हात झडेल माझा!"

"मग गेले तीन महिने स्वतःला कशाला टोचतोयस, बाबा?"

माहूत खांबाला टेकून पोटभर रडला. "म्हणजे हा आजार आहे?"

"आजारच. आणि बरा होणारा."

तेवढं ऐकूनच त्याला हायसं वाटलं.

वैद्यीणबाईंनी रोज दोन वेळा काढा सांगितला. दर सोमवारी येऊन मनातलं बोलायला सांगितलं. "आणि नदीवर जायचं, पण हत्तिणीचा एकच पाय धुवायचा."

"बाकीचे तीन?"

"ते कुठे पळून जात नाहीत!"

पंधरा दिवसांनी तो कुरकुरला, "काहीच फरक नाही."

"मागे हत्तिणीच्या जखमेला किती दिवस लेप लावला होतास?"

"दोन महिने."

"मग काढा पी."

हळूहळू दुसरा पाय धुऊन होऊ लागला, मग तिसरा. मध्येच एखादा दिवस वाईट जाई, तेव्हा पुन्हा एकच. आणि एके दुपारी जेवताना तो तोंड वाकडं करून म्हणाला, "आमटीत मीठ जास्त झालंय."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. खारट आमटीचं एवढं कौतुक त्या घरात कधी झालं नव्हतं.

पुढे गावात कुणी असं मिटून बसलं, की माहूत त्याच्या दारी जाई आणि एकही सल्ला न देता त्याला वैद्यीणबाईंकडे घेऊन जाई.

आजारी मनाला टोचू नये, त्याला वैद्याकडे न्यावं.