मंजुळेचा पान्हा

"पण नाना, म्हशीला ब्लूजमधलं काय कळतं?"

"काय कळत न्हाई."

"मग?"

"म्हणूनच तिच्यापुढं वाजवायचं. बस त्या डब्यावर."

प्रद्युम्न निंबकर पालथ्या डब्यावर बसला. मांडीवर गिटार घेतली. गिटार अशी चकचकीत, की गोठ्यातल्या त्या एकुलत्या बल्बच्या उजेडातही तिच्यात तोंड दिसावं. समोर मंजुळा उभी होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा गिटारीकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. दोन्हींत तिला विशेष काही दिसलं नसावं.

नाना म्हणजे दानियल घस्ते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी परदेशी बोटींवरच्या बँडमध्ये गिटार वाजवण्यात घालवली. काळ्या अमेरिकन वादकांच्या मांडीला मांडी लावून ते ब्लूज शिकले. मग एके दिवशी समुद्राचा कंटाळा आला म्हणून कोल्हापूरला परतले आणि म्हैस पाळली. शिष्य फारसे केले नाहीत. केले त्यांतली एक इरावती. पुण्यात तिचा बँड होता, ती गायची, आणि प्रद्युम्न तिच्यामागे गिटार वाजवायचा.

वाजवायचा म्हणजे, परवापरवापर्यंत.

बोटं त्याची विजेसारखी चालत. इंटरनेटवर त्याच्या व्हिडिओंखाली लोक आगीची चित्रं टाकत. पण भर तालमीत इरावतीने गाणं थांबवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "तू वाजवायला लागलास की मला नुसता तूच दिसतोस. गाणं कुठे जातं तेच कळत नाही. नानांकडे जा. ते फोन करून 'घे' म्हणाले तर परत ये. नाहीतर मी दुसरा बघते."

त्या दिवसापासून त्याला घास गोड लागत नव्हता. बँड नसेल तर आपण म्हणजे खोलीत कॅमेऱ्यासमोर बसलेला एक मुलगा, एवढंच उरतं, हे त्याला पक्कं कळलं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. नानांना तर मुळीच नाही.

"ब्लूजमधी कॉर्ड किती?" नानांनी विचारलं.

"तशा तीन. पण मी त्या स्वरगुच्छांत जरा वेगळे सूर मिसळून..."

"तीन घरं," नाना म्हणाले. "आपलं, शेजाऱ्याचं आणि सासरवाडीचं. आधी आपल्या घरी निवांत बसायचं. मग शेजाऱ्याकडं डोकवायचं. परत घरी. मग सासरवाडी, येता येता शेजारी, आणि घरी. झाला ब्लूज."

"एवढंच?"

"एवढंच. मी धार काढतो, तू वाजीव."

या वेतातलं रेडकू दगावल्यापासून मंजुळा पान्हा चोरायची. कास दुधाने तटतटलेली, पण सडातून थेंब सुटायचा नाही. नाना रोज गुणगुणत धार काढायचे, तेव्हा कुठे ती विरघळायची. आज नाना गप्प बसणार होते.

दाराशी धोंडी पैलवान हातात भला मोठा लोटा घेऊन उभा होता. रोज तालमीतून तो थेट इथे यायचा आणि धारोष्ण दूध जागेवर प्यायचा.

प्रद्युम्नने ठेका धरला. लांब-आखूड, लांब-आखूड. नानांचे हातही तसेच चालले होते. डावा जरा रेंगाळायचा, उजवा लगबगीने त्याला गाठायचा. रिकाम्या बादलीत धार वाजू लागली. मंजुळेचे कान सैल पडले.

मग शेजाऱ्याकडे जायची वेळ आली. प्रद्युम्नने नजर गिटारीच्या दांडीवर रोखली, श्वास धरला, बोटं उचलली...

मंजुळेने मागचे पाय आखडले. धार बंद.

"चोरला," नाना म्हणाले.

"नाना, ह्ये काय आनि?" पैलवान म्हणाला.

"पाव्हणं लवकर शेजारी गेलं."

प्रद्युम्नच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी चुकलो नाही. अगदी वेळेवर बदलली कॉर्ड."

"बदललीस वेळेवर. पर घरात बसल्याबसल्या चपला घालून बसला हुतास."

"म्हणजे?"

"जायाच्या आधीच निघालेला मानूस घरात बसलाय, हे घरातल्यांना कळतं."

"आणि म्हशीला?"

नानांनी मंजुळेच्या पाठीवर हात फिरवला. पैलवान अर्धाच लोटा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी प्रद्युम्नने मनातल्या मनात आकडे मोजले. मंजुळेने पान्हा चोरला. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने डोळे मिटून, मान डोलावून, अगदी भावपूर्ण चेहऱ्याने वाजवलं. तरीही चोरला. मग त्याला वाटलं, बाईसाहेबांना साधं वाजवणं रुचत नसेल. म्हणून सासरवाडीला जाता जाता त्याने एक झकास तान मारली, जिच्यावर पुण्यात हमखास शिट्टी पडायची.

इथे लाथ पडली. बादली उलटली, दूध गोठाभर झालं.

पैलवानाने रिकाम्या लोट्यात डोकावून पाहिलं. मग त्याने प्रद्युम्नकडे असं पाहिलं, की शाळेत आपण कुस्तीचा एखादा तरी डाव शिकून घ्यायला हवा होता असं प्रद्युम्नला मनापासून वाटलं.

"गाढवापुढे वाचली गीता," प्रद्युम्न पुटपुटला.

नानांना ऐकू गेलं. ते फरशी धूत होते, ते थांबले.

"गाढवानं कधी तक्रार केली व्हय?"

"...नाही."

"मग कोन करतंय?"

नानांनी पुन्हा झाडू हातात घेतला.

शेवटी तो हट्टालाच पेटला. "नाना, तुम्ही वाजवा. मला एकदा बघू द्या, तुम्ही कॉर्ड बदलता कशी."

नानांनी आढेवेढे घेतले नाहीत. खुंटीवरची जुनी गिटार काढली, अंगावरची धूळ झटकावी तशी झटकली आणि वाजवू लागले. धार काढायला पैलवान बसला. प्रद्युम्न नानांच्या डाव्या हातावर टक लावून उभा राहिला. आता ही बोटं हलली की पकडायचीच, असं ठरवून.

ठेका चालला होता. बादलीत फेस चढत होता. वळचणीला एक चिमणी काडी घेऊन आत येत होती, काडी पडत होती, ती पुन्हा बाहेर जात होती. चौथ्या खेपेला काडी बसली. प्रद्युम्नला बरं वाटलं. त्याचा पाय कधीपासून जमिनीवर ठेका देत होता...

नाना थांबले. बादली भरली होती.

"बघितलंस?"

प्रद्युम्न ओशाळला. "...राहून गेलं."

"आसूं दे," नाना म्हणाले आणि गिटार खुंटीला लावली.

आपलं लक्ष असं गुरासारखं भरकटलं कसं, याचा त्याला दिवसभर राग येत राहिला. दुसरं काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

आणि मग शेवटचा दिवस उजाडला. उद्या पुण्यात इरावतीचा कार्यक्रम. दुपारची गाडी. आज नाही जमलं तर विषय संपला. सकाळी डब्यावर बसताना या वेळी त्याने काही लपवलं नाही.

"नाना, मला भीती वाटतेय."

"मंजुळेला सांग. मला दुधाचं बघू दे."

त्याने ठेका धरला. लांब-आखूड, लांब-आखूड. धार वाजू लागली. पैलवान लोटा घेऊन पवित्र्यात उभा राहिला. शेजाऱ्याकडे जायची वेळ जवळ आली. प्रद्युम्नने श्वास धरला...

त्याच वेळी एक गोमाशी मंजुळेच्या पाठीवर बसली. मंजुळेने शेपूट हाणली. गोमाशी सुटली. शेपूट, रात्रभरच्या शेणासकट, प्रद्युम्नच्या तोंडावर बसली.

डोळे बंद झाले. नाकावरून काहीतरी कोमट, हळूहळू, खाली निघालं.

त्याने वाजवायचं थांबवून हात वर नेला असता. पण पैलवानाचा खालच्या पट्टीतला आवाज आला, "पाव्हणं, धार चालू हाय. थांबलासा तर बघा."

दोन्ही हात गिटारीत अडकलेले. दिसत काही नव्हतं. ते कोमट प्रकरण आता वरच्या ओठाच्या दिशेने सरकत होतं. प्रद्युम्नने तोंड गच्च मिटलं. पुणं, इरावती, आगीची चित्रं, सगळं मनातून पार पुसलं गेलं. या जगात त्याला फक्त एकच चिंता उरली होती, आणि ती ओठापासून बोटभर अंतरावर होती. हात चालत राहिले. कुठे चाललेत, कुणाच्या घरी बसलेत, कधी उठले, हे बघायला त्याला सवड नव्हती.

अंधारात त्याला फक्त धार ऐकू येत होती. आधी पत्र्यावर कडक, मग दुधात चुर्र चुर्र, मग फेसात जाड आणि बुडालेली. ती थांबत नव्हती. मंजुळेने एक लांब उसासा टाकला. मान खाली घातली. फेऱ्यामागून फेरा गेला.

"बास," नाना म्हणाले.

बादली काठोकाठ भरली होती. पैलवानाने लोटा भरला, एका दमात रिकामा केला, पांढरी झालेली मिशी पुसली आणि तालीम, हवापाणी, बाजारातली पेंड यांवर नानांशी दोन गोष्टी बोलून निघून गेला. वाजवण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

प्रद्युम्नने हौदावर तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. मग ओल्या तोंडानेच धावत आला.

"नाना! आज कॉर्ड बदलली कधी, मला कळलंच नाही!"

नाना बादलीवर फडकं बांधत होते.

"शेपटीमुळे झालं का हो? तिथे तर शेपूट नसणार. मग कसं करू?"

नानांनी फडक्याची गाठ मारली.

"आणि मंजुळा... तिला आवडलं ना आज? तुम्हाला काय वाटतं?"

नानांनी मंजुळेकडे पाहिलं. मंजुळा गव्हाणीतल्या वैरणीत तोंड खुपसून उभी होती. मागे कुणी गिटारवाला आहे, होता, याची तिला गंधवार्ताही नसावी.

नानांनी खिशातून फोन काढला. नंबर लावला. प्रद्युम्नचा जीव टांगणीला लागला. इतक्या दिवसांत एक शाबासकीचा शब्द त्याच्या वाट्याला आला नव्हता. निदान आता तरी, इरावतीला सांगताना...

"हां, इरा. नाना बोलतोय... व्हय, दुपारच्या गाडीनं लावून देतो. घे त्याला."

प्रद्युम्नने डोळे मिटले. छातीवरचा धोंडा उतरला. पलीकडून इरावती काहीतरी विचारत होती. त्याने कान टवकारले.

नानांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग बादलीकडे पाहिलं.

"कसं वाजवतोय व्हय?..." नाना जरा आठवून बघत म्हणाले, "ते काय ध्यानात न्हाई, बाई. दूध मात्र बादलीभर निघालं."