लिंबाजीचा रांजण

फार वर्षांपूर्वी भोरक्या माळावर एका पळसाखेरीज काही नव्हतं. चार दिशांच्या चार वाटा त्या पळसापाशी भेटायच्या आणि पुढे निघून जायच्या. तिथं कुणी थांबायचं नाही, कारण पाणी नव्हतं. आज तिथं लिंबापूर शहर आहे. ते कसं उभं राहिलं आणि भोवतालची गावं लहानमोठी कशी झाली, ते ऐका.

लिंबाजी आणि सटवा हे दोघे कुंभार भाऊ. आईबाप लवकर गेले, म्हणून लिंबाजीनंच सटवाला भरवून मोठं केलं. सटवा भारी उतावळा. चाकावरचं मडकं सुकायच्या आधीच उचलायचा, ते वाकडं व्हायचं, आणि लिंबाजी म्हणायचा, "असू दे रे, वाकड्या तोंडाचं गिऱ्हाईक येईल त्याला देऊ."

एका उन्हाळ्यात दोघे गाढवांवर मडकी लादून माळ ओलांडत होते. वाटेत कशावरून तरी भांडण झालं. कशावरून, ते सटवाला पुढं कधी आठवलं नाही. रागाच्या भरात त्यानं हातातलं मडकं आपटलं. दोघांचं पिण्याचं पाणी त्यातच होतं.

लिंबाजीनं ओल्या मातीकडे पाहिलं आणि तो हसला. "फोडलंस? बरं केलंस. ओझं कमी झालं."

दुपारी पळसाखाली लिंबाजी बसला, तो उठला नाही. संध्याकाळी मिठाचा तांडा आला. त्यांनी सटवाच्या तोंडात पाणी घातलं, आणि लिंबाजीला तिथंच अग्नी दिला.

राख नदीला न्यायची रीत होती. पण नदी माळाच्या पलीकडे. दादाला पुन्हा त्याच उन्हातून तहानलेलं न्यायचं, हे सटवाला सोसवेना. त्यानं नदीवरून गाढवांनी माती आणली, तिच्यात भावाची राख कालवली आणि पळसाशेजारी पुरुषभर उंचीचा रांजण थोपटून उभा केला. असं कुणी कधी केलं नव्हतं. मग त्यानं आवा लावला, रांजण भाजला आणि पाण्यानं भरला. तेव्हापासून त्या रांजणाचा तळ कुणाला दिसला नाही, असं म्हणतात.

पाणी आहे म्हटल्यावर वाटसरू थांबू लागले. थांबलेल्याला भूक लागते, म्हणून एक बाई भाकरी थापायला बसली. बैल थांबले, तर नाल ठोकायला लोहार आला. लोहार आला, तर विळे घेऊन शेतकरी आले, आणि शेतकरी आले म्हणून बाजार भरला. दर नव्या घराबरोबर रांजण बोटभर वाढायचा, असं म्हणतात. शेवटी शिडी लावून पाणी काढावं लागे.

सटवा रोज रांजणाला पाठ टेकून बसायचा. "दादा, आज तांबट आला. दादा, आज हजारावी चूल पेटली." माती गार लागायची. भाऊ ऐकतोय असं त्याला वाटायचं. आणखी लोक यावेत, भावाचं नाव आणखी मोठं व्हावं, एवढाच त्याला ध्यास. कुणी म्हणालं, आमच्या गावाला एक लहान रांजण घडवून दे, तर तो म्हणायचा, "तुम्हीच इकडे या की. दादाकडे जागा कमी आहे का?"

आणि लोक आले. वाटेवरच्या वाड्या ओस पडल्या.

एक दिवस वाटेवरच्या आंबेखोरीहून गोदाक्का आली. त्या वाडीत ती एकटीच उरली होती. रांजणाचं पाणी तिनं घेतलं नाही.

"पी ना, अक्का," सटवा म्हणाला.

"पिते नंतर. आधी ऐक. आमच्या विहिरीचा गाळ काढायला दरवर्षी वीस माणसं लागत. वीसच्या वीस तुझ्याकडे आली. विहीर बुजली. परवा माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर एक मेंढपाळ तहानेनं पडला, तो उठला नाही. तुझ्याच शहराकडे निघाला होता."

"कळवायचं होतंस. पाणी पाठवलं असतं."

"कुणाच्या हाती कळवू? कुत्र्याच्या?" गोदाक्का म्हणाली. मग हळूच म्हणाली, "त्याचा धाकटा भाऊ अजून तिथंच बसलाय, सटवा. माझ्याजवळचं घोटभर पाणी पितो, पण उठायला तयार नाही."

 तीन दिवस सटवा रांजणाला टेकून बसला. एका जागी साठलेलं पाणी वाटून द्यायला हवं, हे त्याला कळलं होतं. पण रांजण फोडला की दादा जाणार, मग कुणाशी बोलायचं? चौथ्या दिवशी त्यानं दगड उचलला. सगळं शहर आडवं आलं. पण उतावळा माणूस एकदा उठला की कुणाला आवरतो?

पहिला घाव बसला, आणि पाणी चारी वाटांनी धावत सुटलं. बुजलेल्या विहिरी त्या पाण्यानं भरल्या. पाण्याच्या खळखळीतून कुणीतरी हसल्यासारखं बोललं, "फोडलंस? बरं केलंस. ओझं कमी झालं." ते साऱ्या शहरानं ऐकलं, असं म्हणतात.

जुन्या खापरांची पूड नव्या मातीत घातली की भांडं तडकत नाही, हे कुंभाराचं जुनं शहाणपण. सटवानं रांजणाची खापरं कुटली आणि नवे रांजण घडवले. एक थोरला, लिंबापुराला. एक त्याच्या निम्मा, एक तिसऱ्या हिश्शाचा, एक चौथ्या, आणि असे लहान होत होत शेवटची घागर, ती आंबेखोरीला.

लोकांनी कुरकुर केली. "सगळे सारखे का नाही केलेस?"

"सगळी गावं सारखी झाली तर तांबट बसेल कुठं? एका तांबटाला वीस गावांची भांडी लागतात," सटवा म्हणाला. "आणि सगळं एकाच जागी ठेवलं, तर वाटेवर पाणी कोण पाजेल?"

मग ज्याचा रांजण जेवढा, ते गाव तेवढं वाढलं. निम्मेवाडी आजही लिंबापुराच्या निम्मी आहे, तिजवाडी तिसऱ्या हिश्शाची, चौथवाडी चौथ्या. आंबेखोरीची घागर सटवा स्वतः डोक्यावर घेऊन गेला. बसून राहिलेल्या त्या पोराला त्यानं आपल्या हातानं पाणी पाजलं, आणि मग तो परत आलाच नाही. विहिरीचा गाळ काढत तिथंच राहिला.

अजूनही तिकडे नवी वस्ती बसली की ती शेजारच्या मोठ्या गावाकडे खापराचा तुकडा मागते, आणि तो कुटून आपल्या पहिल्या रांजणाच्या मातीत घालते. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळीकडे पितरांना पाणी देतात. लिंबापूरचे लोक त्या दिवशी भरलेली घागर घेऊन पायी निघतात आणि सगळ्यांत लहान वस्तीला जाऊन पाणी पाजतात. मोठ्यानं धाकट्याकडे जायचं, असा तिथला नेम आहे.

आणि त्या मुलखात कुणा पोराच्या हातून मडकं फुटलं, तर त्याला कुणी रागावत नाही. घरातलं थोरलं माणूस ओल्या मातीकडे बघतं आणि म्हणतं, "बरं केलंस. ओझं कमी झालं."