पुढची खोबण

फार मागे एका रानात नवा राजा गादीवर बसला की राज्याभिषेकाची तांब्याची पदकं वाटली जात आणि जुन्या राजाची पदकं सगळे प्राणी नव्या राजाच्या भीतीने डोहात टाकत. साळू साळिंदरीण मात्र प्रत्येक राजाचं पदक बिळाच्या भिंतीत खोबण करून जपायची. ओली माती सुकायला वेळ लागतो, म्हणून पुढची खोबण ती आधीच कोरून ठेवी.

एके वर्षी बिबट्या राजा झाला. त्याने दवंडी पिटवली, "जुनं पदक सापडलं तर गय नाही!"

"अगं, टाक ते भंगार," शेजारचा ससा कळवळून म्हणाला. "तुझ्या काट्यांना भिणारा का तो?"

साळूला टाकवेना. तिसऱ्या दिवशी बिबट्याचं डोकंच बिळात आलं. तिचे काटे थरथरून वाजू लागले. बिबट्याने सहा जुनी पदकं पाहिली, सातवं स्वतःचं पाहिलं आणि त्यापुढची रिकामी खोबणही पाहिली.

"ही कोणासाठी?"

घाबरलेल्या साळूला खोटं सुचेना. "पुढच्या राजासाठी, महाराज."

बिबट्याची नजर रिकाम्या खोबणीवरून स्वतःच्या पदकाकडे वळली. मग त्याने अगदी हळू विचारलं, "साळूबाई, तो आला तरी माझं पदक टाकणार नाहीस ना?"